कर्नाळ्याच्या वाटेवरचं लिंबू

सायकल बाईला स्वातंत्र्य देते, असं मी सोसायटीच्या महिला दिनाला माईकवरून सांगितलं होतं. तेव्हा माझ्याकडे सायकल नव्हती. म्हणूनच इतकं ठाम बोलता आलं.

नवऱ्याने ते मनावर घेतलं आणि सायकल आणली. शाळा सुटल्यापासून मी पेडलला पाय लावला नव्हता. मधल्या काळात संसार चालवत होते. (त्यालाही ब्रेक नाहीत.)

लेक ईरा तेरा वर्षांची. या वयात आईबरोबर भाजी आणायला जाणंसुद्धा कमीपणाचं असतं. पण सायकल बघून ती आपणहून म्हणाली, "आई, रविवारी कर्नाळ्याला जाऊ या? आपण दोघीच."

"आपण दोघीच" हे शब्द कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते. मी तत्काळ हो म्हटलं. (मनात मात्र अर्ध्या वाटेवरच्या शिरढोणपर्यंतच जायचं आणि तिथून गुडघ्यांना दोष देऊन परतायचं, असं ठरवलं होतं.)

रविवारी सकाळी गेटपाशी सासूबाई पूजेचं ताट घेऊन हजर! नवं वाहन म्हटलं की पूजा आलीच. हँडलला झेंडूचा लांबलचक हार घातला, नारळ फोडला. चेअरमनसाहेब 'दोन शब्द' म्हणून उभे राहिले आणि पर्यावरण संपेपर्यंत बोलले. शेवटी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं.

लिंबू फुटेना.

मोटारीखाली ते निमूट चिरडलं जातं. सायकलचं चाक लागताच टुणकन बाजूला उडालं!

"फुटल्याशिवाय निघायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "अपशकुन होतो."

"आई, चल ना, सगळे बघतायत," ईरा दात आवळून पुटपुटली.

"वजन टाका, मॅडम!" चेअरमनसाहेब.

"हिचं वजन कमी पडतंय, असं पहिल्यांदाच ऐकतोय," नवरा. (त्याच्याकडे नंतर बघितलं.)

गेटबाहेर मासळीची पाटी घेऊन बसलेली मंजुळाबाई कोळीण ओरडली, "बाय, लिंबू नाय फुटत, तूच फुटशील! पायानं चेच नि जा!"

सल्ला उत्तम होता. पण एव्हाना प्रश्न लिंबाचा राहिला नव्हता. मी सायकल पार जिन्यापर्यंत मागे नेली आणि सुसाट आले. चाक लिंबावर गेलं, लिंबू सटकलं, हार चाकात गुंतला, चाक थांबलं. मी थांबले नाही. गेटमधून थेट मंजुळाबाईच्या मांदेलीत!

"माजं मावरं!" मंजुळाबाईने हंबरडा फोडला. माझ्यासाठी कोणी फोडला नाही. सासूबाई लिंबू शोधत होत्या.

ईरा आता मला ओळख दाखवणार नाही, अशी खात्रीच होती. पण ती धावत आली, माझ्या केसांतली एक मांदेली काढली आणि हसू दाबत म्हणाली, "कर्नाळ्याला अजून जायचंय ना?"

मनगटाला प्लॅस्टर लागलं. मांदेली आम्ही आठवडाभर खाल्ली.

पुढच्या रविवारी आम्ही कर्नाळ्याला गेलो. मोटारीने. मागच्या सीटवर आम्ही दोघीच, पुढे नवरा ड्रायव्हर. निघताना सासूबाईंनी जपून ठेवलेलं तेच लिंबू चाकाखाली ठेवलं.

पहिल्याच फटक्यात फुटलं.