टोपीवाल्याच्या मारामारीला उचगावची हलगी

वडशाहून निघालो तेव्हा पाठीवर लॅपटॉप होता आणि हातात रेकॉर्डिंगची पेटी होती. आमच्या नाटक कंपनीतले लोक स्टेशनवर सोडायला आले होते. "हलगी ऐकायला बेळगावला? आपल्याकडं डफडं नाही का?" असं प्रत्येकानं एकदा तरी विचारलं. आहे ना. पण मला कुस्तीच्या फडातली हलगी पाहिजे होती, आणि ती आपल्या भागात वाजत नाही.

घरच्या लोकांना माझं काम अजून नीट कळलेलं नाही, म्हणून आधी तेच सांगतो. मी नववीत शाळा सोडली आणि झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवू लागलो. माझ्या वाजवण्याचा एक व्हिडिओ पुण्यातल्या मृणाल आणि तेजस या दोघांनी पाहिला. दोघं मिळून संगणकावरचा एक साहसी खेळ तयार करताहेत. मृणाल गोष्ट आणि चित्रं करते, तेजस तो खेळ संगणकावर चालता करतो. खेळ काउबॉयचा आहे. उन्हानं भाजलेलं एक ओसाड गाव, तिथं घोड्यावरून आलेला टोपीवाला, हरवलेल्या भावाला शोधत हिंडतो आणि दारूच्या गुत्त्यात मारामाऱ्या करतो. त्याला संगीत देण्याचं काम त्यांनी मला दिलं. शिकलास किती, हे विचारलंसुद्धा नाही. त्यांचे उपकार मी मानतो, आयुष्यभर मानेन.

पण उपकार मानतो म्हणून मान डोलवत बसायचं, हे मला जमत नाही. मारामारीच्या प्रसंगासाठी मी पाठवलेली प्रत्येक चाल परत आली. "फार नाटकी वाटतं," मृणाल म्हणाली. "लांबून येणारं गिटार हवं, शिट्टी हवी. काउबॉयच्या खेळात असतं तसं." मी म्हटलं, ते तर सगळ्यांनीच केलंय. ती म्हणाली, "कारण ते चालतं. आता शेवटचं एकदा पाठव. नाही जमलं तर आम्ही बाजारातलं तयार संगीत घेऊ आणि सगळ्या खेळाला तेच लावू."

सगळ्या खेळाला, म्हणजे मी बाहेर. हे सरळ होतं.

आमचा तबलजी एकदा बेळगावजवळच्या उचगावला कुस्त्या बघून आला होता. तो म्हणायचा, "तिथला हलगीवाला पैलवानाच्या अंगात शिरतो." तेवढ्या एका वाक्यावर मी निघालो. नागपूर, मग कोल्हापूर, मग बस.

कागल मागं पडलं आणि राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर बस थांबली. एक पोलीस वर चढला आणि थेट माझ्या पेटीपाशी आला. पेटीत मायक्रोफोन होता आणि त्याच्यावर राखाडी केसांची टोपी होती.

"हे काय जनावर?"

"मायक्रोफोन आहे साहेब."

"केस कशाला मग?"

"वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून."

तो खालच्या सोबत्याला कानडीत काहीतरी म्हणाला. दोघं हसले. "न्या, न्या," तो मला म्हणाला, "तेवढं वेळच्या वेळी खायला घाला तेला." मी हसलो खरा, पण पेटीचं कुलूप दोनदा ओढून बघितलं. परमुलखात माझं असंच होतं.

नाक्यानंतर पाट्यांवरची अक्षरं बदलली. गोल, सुंदर कानडी अक्षरं. दिसतात पण वाचता येत नाहीत. शाळेतल्या शेवटच्या वर्षी इंग्रजीच्या पुस्तकासमोर मला असंच व्हायचं. निपाणीला गाडी बदलायची होती. स्टँडवर उतरलो तर हवेला तंबाखूचा वास. चहा घेतला, सोबत गरम भजी घेतली आणि एका बाईंना विचारलं, बेळगावची गाडी कुठली?

"हीच की. बोर्ड वाचाय येईना व्हय?"

"नाही येत."

"मलाबी येत न्हाय. मी ड्रायव्हरचं त्वांड बघून बसतो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी उचलून मला खिडकीजवळ जागा दिली. वाटेत उसाचे फड, मधूनच लाल मातीचे तुकडे, लांब टेकड्या. कंडक्टर पुढच्यांशी कानडी बोलत होता, मागच्यांशी मराठी आणि माझा चेहरा बघून माझ्याशी हिंदी. मी मराठीतच उत्तर दिलं. तोही मग मराठीवर आला.

राहायला शांत खोली बघून दे, असं मी एका ओळखीच्या माणसाला सांगितलं होतं. त्यानं दिली बेळगावातल्या वडगावात, सुमनआक्कांच्या घरी. वडगाव म्हणजे विणकरांची वस्ती. खालच्या घरात आक्कांचे दोन यंत्रमाग आणि वर माझी खोली. माग सुरू झाले की पाण्याचा तांब्या फळीवरून चालत जायचा. धोटा (आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा) दर फेरीला असा आपटायचा की मायक्रोफोन उघडण्यात अर्थच नव्हता.

"शांत म्हणाला होता तो," मी आक्कांना म्हटलं.

"शांतच हाय की. शेजारच्यांचे आठ हाईत," आक्का म्हणाल्या. "तुला काय रेकॉर्डिंग-बिकॉर्डिंग करायचं ते दुपारी कर, तम्मा. (तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.) दुपारी करंट जातो. सगळं वडगाव गप्प होतंय." आणि समोर ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि वर कुंदा (दूध आटवून केलेला खरपूस गोड पदार्थ) ठेवला. भाताशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही. त्यांनी ते ओळखलं आणि दुसऱ्या दिवसापासून न मागता भात टाकू लागल्या.

उचगावात त्या आठवड्यात कुस्त्यांचं मैदान होतं. गेलो. मऊ केलेली लाल माती, भोवती माणसांची भिंत आणि आत पैलवानांच्या कडेनं फिरणारा एक उंच माणूस. गळ्यात हलगी, एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. हे परशरामअण्णा. एरवी मच्छेच्या कारखान्यात लेथवर असतात. पैलवान एकमेकांना नुसते जोखत होते तोवर अण्णांची काडी किरकिरत राहिली. एकानं दुसऱ्याच्या पायात हात घातला, पट (पाय ओढून पाडायचा डाव) निघतोय असं दिसलं, आणि टिपरू असं कडाडलं की माझ्या शेजारचा म्हातारा उभाच राहिला. डाव सुटला. हलगी खाली आली. अण्णांनी हलगीकडं एकदाही पाहिलं नाही. डोळे पैलवानांच्या पायांवर.

मी तिथंच ठरवलं. टोपीवाल्याची मारामारी हीच.

दुसऱ्या संध्याकाळी अण्णांच्या घरी पेटी घेऊन गेलो. त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि सारख्या अंतरानं पडणारी टिकटिक सुरू केली. खेळात संगीताचा तुकडा फिरून फिरून वाजतो, त्याचा वेग एकसारखा लागतो. तसं मृणालनं बजावलं होतं.

अण्णांनी थोडं वाजवलं आणि हेडफोन काढला. "कानात कोण घण घालालंय?"

"ताल धरायला आहे ते."

"ताल मी धरतो की. त्यो कशाला मध्ये?"

टिकटिक बंद केली. मग त्यांनी नुसतं वाजवलं. हात तेच, हलगी तीच, आणि ऐकायला काहीच नाही. थांबलेही तेच. "कसं चढवू, पाव्हणं? समोर कुस्ती न्हाय. कोण पडलं, कोण उठलं, दिसाय नको? लग्नातलं वाजवू काय? ते येतंय हवं तेवढं."

परतीच्या बसमध्ये मला रडू यायचं बाकी होतं. वडशाहून एवढ्या लांब येऊन मी त्यांच्या हातून लग्नातलं वाजवून घेऊन जाणार होतो काय? मग वडगावच्या थांब्याआधी डोक्यात आलं, की समोर कुस्ती पाहिजे तर माझ्या लॅपटॉपमध्ये मारामारी आहेच. तीच दाखवू. फोन करून आक्कांच्या घरी बोलावलं, तर अण्णा म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी येतो. भाचीसाठी आक्काकडं साडीबी बघायची हाय."

आले. दुपारी माग खट्‌दिशी थांबले, सगळी गल्ली गप्प झाली. अण्णांनी परसात पालापाचोळा पेटवून त्यावर हलगी शेकली, कातडं तापून आवाज चढेपर्यंत. मी ओसरीवर मायक्रोफोन लावला आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर गुत्ता, टोपीवाला आणि समोर दांडगा मिशीवाला. अण्णा माझ्या मागं उभे राहिले, आक्का उंबऱ्यात.

"मारामारीतबी टोपी काढत न्हाय व्हय ह्यो?" अण्णा म्हणाले.

"टक्कल असंल," आक्का म्हणाल्या.

मी बटणं दाबू लागलो. मला खेळ खेळता येत नाही, संगीत तेवढं करता येतं. मिशीवाल्यानं दोन ठोसे दिले आणि टोपीवाला टेबलावर आडवा. हलगीचा एक ठोका पडला आणि बंद.

"पाडलं तुला. ऊठ की रं!" अण्णा ओरडले. टोपीवाला उठेपर्यंत नुसती काडी चालू होती, बारीक, वाट बघत. तो उठला तसं टिपरू आलं. मी मारलं, टिपरू चढलं. मी चुकलो, ते घसरलं.

"पट काढ! पट काढ त्येचा!"

"अण्णा, यात पट नाही!"

"मग कसली रं ही मारामारी? बाटल्या हाईत की मागं, बाटली घे!"

बाटली घेता येते हे मला माहीतच नव्हतं. घेतली. हलगी अशी काही उसळली की माझी बोटं आपोआप चालायला लागली. एरवी दुसऱ्या ठोशाला पडणारा मी, मिशीवाल्याला दारापर्यंत रेटत नेलं. आक्का हसून हसून खाली बसल्या. पुन्हा खेळलो, पुन्हा. प्रत्येक मारामारी वेगळी आणि प्रत्येकीची हलगी वेगळी. शेवटची तर फारच रंगली होती, पण ऐन भरात करंट आला, दोन्ही माग एकदम धडधडले आणि ती फेरी वाया गेली. "आला मेला," म्हणत आक्का आत पळाल्या. असू दे. बाकीच्या माझ्याकडं होत्या.

पुण्याला पाठवल्या. संध्याकाळी मृणालचा फोन. "भारी आहे," ती म्हणाली, "खरंच. आता एक कर. वेग सरळ करून एकच तुकडा काढ, वर गिटार टाक."

"नाही," मी म्हटलं.

"का?"

मी सांगितलं. वेग सरळ केला तर अण्णांनी जे पाहिलं तेच जाईल. एक तुकडा नको. जोखण्याचा वेगळा, चढाचा वेगळा, पडल्यावरची काडी वेगळी असे कापून देतो. खेळणाऱ्याच्या हातून जे होईल त्याप्रमाणं खेळानंच उचलावेत.

"असं होतं काही खेळांत. पण आपल्याला जमेल का माहीत नाही. तेजसला सगळं परत लिहावं लागेल. आणि हे काउबॉयचं वाटत नाही, हेही आहेच."

"मारामारीचं वाटतं ना? सरळच करायचं असेल तर माझं नाव लावू नका. तयार घ्या."

"ठीक आहे. बोलते त्याच्याशी." फोन बंद.

आयुष्यात ज्यांनी पहिल्यांदा मला संगीतकार म्हटलं, त्यांना मी नाही म्हटलं होतं. आक्कांनी विचारलं, काय झालं?

"काम गेलं बहुतेक."

"चुकीचं बोललास काय?"

"नाही."

"मग जेव."

रात्रभर तुकडे कापले आणि कुणी मागितले नसतानाही पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी निघालो. आक्कांनी कुंद्याचा डबा दिला. अण्णा मच्छेला पाळीवर गेले होते, फोनवरच बोलले. "घेतलं न्हाय तर सांग. मीच बोलतो त्या बाईबरोबर."

कोगनोळी गेलं, कोल्हापूर आलं. फोन गप्पच. नागपूरच्या गाडीत वरच्या बर्थवर पडून होतो, तेव्हा तेजसचा निरोप आला. हा मुलगा कधी बोलतच नाही. एवढंच लिहिलं होतं, "केलंय. खेळून बघ." सोबत नवा खेळ होता. फोनचं इंटरनेट येत-जात होतं, लॅपटॉपवर उतरवून घ्यायला फार वेळ लागला. बोटाची नखं खाऊन झाली. शेवटी उघडला.

आधी गिटार ऐकू आलं, आणि शिट्टी. बाजारातलं, तयार. मला वाटलं, संपलं. टोपीवाला गल्लीतून हिंडत होता आणि ते छान, ओळखीचं गिटार वाजत होतं. मी त्याला गुत्त्यात नेलं. मिशीवाल्यानं त्याच्या छातीला हात लावला आणि गिटार मधेच तुटलं. काडी सुरू झाली. मी मुद्दाम मार खाल्ला. एक ठोका, बंद. काडी वाट बघत राहिली. मी उठलो, टिपरू आलं. खालच्या बर्थवरचे काका म्हणाले, "कुठली कुस्ती लावलीय हो?"

मागोमाग मृणालचा निरोप आला. सगळ्या मारामाऱ्या तुझ्या, जशाच्या तशा, नाव तुझं आणि अण्णांचं. बाकी खेळाला तयार गिटार, कारण वेळ नाही आणि धोका नको.

म्हणजे अर्धं जिंकलो. मी अण्णांना कळवलं. ते म्हणाले, "पडल्यावर थांबतंय न्हवं? मग झालं." त्यांच्या बाजूनं झालंच होतं. माझ्या बाजूनं नाही. आपल्यासारख्या माणसाला कुणी अर्धं दिलं की लोक म्हणतात, गप्प घे, एवढं तरी कुठं मिळत होतं. मीही तसंच म्हणत आलो. पण त्या गल्लीतून हिंडताना जे वाजत होतं ते कुणाच्याही गल्लीचं असू शकलं असतं, आणि माझ्या कानात आता एक पूर्ण वेगळी गल्ली होती, दुपारी एकदम गप्प होणारी.

गाडी वडशाला पोचायच्या आत मृणालला लिहिलं. मनापासून आभार मानले, लांबलचक, दोनदा वाचून. खाली लिहिलं: गल्लीत हिंडायचं संगीतही मी आठवड्यात पाठवतोय. तुम्ही मागितलेलं नाही, मला माहीत आहे. नको असेल तर ऐकून नको म्हणा.