ढोलीतलं पुस्तक

"मशीन बंद करा ना भाऊ, धानात पुस्तक हाये!"

ओरडणारा मीच. नागभीडच्या वाचनालयाचा ग्रंथपाल, एका पायात चप्पल, दुसरी वाटेत कुठंतरी. राईस मिलच्या त्या घरघरीत हत्ती गायला असता तरी कुणाला कळलं नसतं, पण माझ्या आवाजानं छपरावरची कबुतरं उडाली ती थेट कुरखेड्याला जाऊन बसली असतील. मिलवाल्यानं खटका पाडला आणि शांतपणे विचारलं, पुस्तक साधंच पाहिजे का पॉलिश करून.

झालं असं होतं. नागभीड, कुरखेडा, भामरागड अशा आम्ही तीन वाचनालयांनी करार केला होता. दुर्मिळ पुस्तकाची सर्वांत धड प्रत ज्याच्याकडे, त्यानं ती जन्मभर सांभाळायची. बाकीच्यांनी आपली फाटकी प्रत काढून टाकायची. मात्र वर्षातून एकदा येऊन ते पुस्तक आपल्या डोळ्यांनी पाहून जायचं. जुन्या धानाच्या जातींवरचं एक पुस्तक माझ्या वाट्याला आलं. कुरखेड्याच्या ग्रंथपाल बाईंनी माझ्या शब्दावर आपली प्रत रद्दीत घातली. भामरागडची आधीच पुरात गेलेली. म्हणजे तिघांत मिळून आता ही एकच.

पण आमच्याकडची वाळवी साधी नव्हे. इतिहासाचं कपाट संपवून ती भूगोलात शिरली होती, आणि माझा अंदाज आहे की नकाशे बघूनच पुढं सरकत होती. म्हणून मी ते पुस्तक घरी नेलं आणि धानाच्या ढोलीत, म्हणजे शेणानं लिंपलेल्या आमच्या बांबूच्या कणगीत, कडुनिंबाचा पाला घालून खोल पुरलं. ढोलीत किडा शिरत नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. फक्त बायकोला सांगायचं राहून गेलं.

बाई पाहणीला आल्या. त्यांना वाचनालयात बसवून पुस्तक आणायला घरी पळालो, तर ढोली रिकामी. धान मिलवर गेलेलं.

"मले काय माहीत, तुमी धानात पुस्तक पेरून राह्यले ते," बायको म्हणाली.

मिलवर पाच पोत्यांतली तीन भरडून झाली होती. मी कोंड्याच्या ढिगात हात घालून एखादं तरी पान लागतं का ते चाचपत होतो, तोवर माझा ओरडा ऐकून बाईही येऊन पोचल्या. सगळं सांगावंच लागलं. बाईंनी पदर खोचला आणि चौथ्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. पुस्तक तिथंच निघालं.

त्यांनी ते झटकलं, पोत्यावर बसून एकेक पान उलटलं. एक भोक नाही, एक डाग नाही. माझी छाती लगेच दोन वीत फुगली. म्हटलं, बाई, मग लिहून टाका, नागभीडला पुस्तक सुखरूप.

"लिहितो," बाई म्हणाल्या. "फक्त ते वाचनालयात नका नेऊ, भाऊ."