पॉइंट पंचेचाळीसवर अडलेली गाडी

गॅरेजात मिस्त्री एकच, ते म्हणजे आपण, बाकी सगळे हाताखालचे, असा मिस्त्रींचा खाक्या. एकदा कुणी चुकून त्यांच्या सख्ख्या भावाला ‘मिस्त्री’ म्हटलं, तर दिवसभर धुसफुसत होते. धाकटी मुलगी इतकी वर्षं बरोबरीने राबतेय, पण तीही नुसती ‘धाकटी’च!

त्या सकाळी नर्सबाईंची जुनी गाडी परत आली. धुराच्या तपासणीत पुन्हा नापास.

"आज नाही झाली, तर भंगारात घालते," बाई म्हणाल्या खऱ्या, पण टपावरून हात काही निघेना. याच गाडीने त्या गावभरच्या पेशंटांकडे पोचत.

मिस्त्रींनी धुराच्या पाइपातला सेन्सर नवाकोरा घातला होता. धूर हुंगायचा आणि पेट्रोल जास्त होतंय की कमी, ते गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवायचं, हे त्याचं काम. स्कॅनरवर आकडा दिसत होता पॉइंट पंचेचाळीस व्होल्ट. तसूभर हलत नव्हता.

"बघ, बरोब्बर मधोमध! सेन्सर ठणठणीत आहे."

"बाबा, इंजिन तापल्यावर आकडा सारखा वरखाली व्हायला हवा."

"मला शिकवतेस?"

धाकटीने वाद घातला नाही. इंजिन चालू असतानाच सेन्सरचा प्लग उपसून काढला. आकडा तिथेच, पॉइंट पंचेचाळीस! मिस्त्रींनी आ वासला.

"सेन्सर तर सुटलाय बाबा. मग हा आकडा कुणाचा?"

"कॉम्प्युटरचाच की गं!" त्यांनी कपाळावर हात मारला. "सेन्सरचं त्याच्यापर्यंत काही पोचतच नाहीये, म्हणून तो आपला मधलाच आकडा धरून बसलाय."

प्लगपासून तिने वायर बोटांनी चाचपत नेली. इंजिनामागच्या वळणावर बोट थांबलं. वरचं प्लास्टिक धडधाकट, पण आतली तार तुटलेली. तिने तेवढा तुकडा कापला, नवा जोडून कथलाचा डाग दिला, प्लग बसवला. गाडी तापली आणि आकडा लागला नाचायला! पॉइंट दोन, पॉइंट आठ, पुन्हा पॉइंट एक. मिस्त्रींची छाती अशी फुगली की शर्टाची बटणं तटतटली. ही माझी पोर, असं रस्त्यावरच्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटलं त्यांना.

दुपारी नर्सबाई हॉर्न वाजवतच आल्या. "पास!"

तेवढ्यात दारात दुसरं गिऱ्हाईक उभं राहिलं. "ओ मिस्त्री!"

सवयीने ‘काय हो’ त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि कोपऱ्यातल्या गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांकडे बघून खणखणीत हाक दिली, "अगं मिस्त्री, गिऱ्हाईक बोलावतंय तुला!"

गाडीखाली पाना पडल्याचा आवाज झाला.