डाव्या बाजूचं दार

इथले भुताखेतांचे अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतो. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... मला आजवर काही दिसलं नाही नि ऐकूही आलं नाही. आदिलाबादला लागून असलेल्या मावला गावात माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, शेड. दिवसभर लोखंडाशी भांडणारा माणूस मी. लोखंड वाकलं तर त्याला काहीतरी कारण असतं, एवढंच मला कळतं. तरी हे लिहितोय, कारण बायको म्हणाली, मनात ठेवून कुढण्यापेक्षा लिहून मोकळे व्हा.

आमच्याकडे उघड्या टपाची एक जुनी विलायती गाडी आहे. बाबांनी तरुणपणी हौसेनं घेतलेली. बाबा स्टिअरिंगवर, आई डावीकडे पदर कानामागे खोचून, मी मागे — असं माझं लहानपण गेलं. आईचं माहेर बोथ गावाकडच्या एका खेड्यात. दिवाळी झाली की बाबा तिला याच गाडीतून सोडायला जायचे. शेवटच्या आजारात तिनं एकच मागणं केलं, "मले एकडाव गावाले घेऊन चला." पण तिला नागपूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथून ती परत आली नाही.

बाबा तेव्हा रडले नाहीत. मग गेल्या हिवाळ्यात त्यांची फुफ्फुसं थकली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. मी घरी काही बोललो नाही, पण माझं तोंड बघून बाबांना कळलंच असणार.

"गाडी दुरुस्त करून दे," ते म्हणाले. "तुह्या मायले गावाले सोडाचं राह्यलं."

वयामुळे बोलतायत असं मला वाटलं. पण त्यांनी दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

इंजिन फारसा त्रास न देता सुरू झालं. खरं दुखणं खाली होतं. उघड्या गाडीला टपाचा आधार नसतो, सगळा भार खालच्या चासीवर येतो. आमची चासी मधून झोळ खाऊन बसली होती, दारं घासत होती. याचा इलाज म्हणजे चासीच्या पन्हाळीसारख्या दांड्यांची उघडी बाजू जाड पट्ट्यांनी वेल्ड करून बंद करायची, मध्ये आडवे टेकू द्यायचे. मग ती ताठ होते. फक्त वेल्डिंगआधी, ज्या सीटवर माणूस बसणार तिथं त्याच्याएवढं वजन ठेवून दारं नीट लावून घ्यावी लागतात, म्हणजे चासी त्याच आकारात पक्की होते. कापसाच्या गावात वजनाला काय तोटा? आम्ही सरकीची पोती वापरतो.

मी ड्रायव्हरच्या सीटवर पोतं ठेवलं. बाबा खुर्ची टाकून बघत होते.

"तिकडं बी ठेव एक."

"काऊन? तिकडं कोण बसून राह्यलं?"

"तुही माय."

मी आधीच घामानं निथळत होतो, त्यात हे. म्हणालो, "बाबा, आई नाही आता. रिकाम्या जागेले वजन कायले पाह्यजे? मी मागं बसतो नं तुमच्या." मी डावी सीट रिकामीच ठेवून, दोन्ही दारं लावून वेल्डिंग केलं.

काम संपलं, गाडी जमिनीवर उतरवली. उजवं दार मस्त लागलं. डावं लागेना! कडी खाचेच्या बोटभर वर राहायची. बिजागऱ्या सैल केल्या, परत आवळल्या, काही उपयोग नाही. माझे जुने जोडीदार सलीमभाई सहज म्हणून डाव्या सीटवर बसले आणि दार खट्कन लागलं. ते उतरले, परत तेच.

"भाई, ये तो इधर वजन रखके वेल्डिंग करे जैसा हुआ," ते म्हणाले.

पण तिथं वजन नव्हतं. मी स्वतः बघितलं होतं. आणि एवढ्या पट्ट्या मारल्यावर एका माणसाच्या भारानं चासी हलायलाच नको, त्यासाठीच तर ती ताठ केली होती.

मी पट्ट्या कापून पुन्हा काम करायचं म्हणत होतो. बाबा म्हणाले, "तेवढा टाइम नाही माह्यापाशी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. बाबांनी गाडी चालवावी का, हे डॉक्टरांना विचारलंच नाही; नाहीच म्हणाले असते. बाबा धापा टाकत स्टिअरिंगवर बसले. दार बांधायला मी दोरी घेऊन डावीकडे गेलो. तेवढ्यात बाबा त्या सीटकडे बघून, आईशी बोलायचे त्याच वैतागलेल्या सुरात म्हणाले, "बस आता. उशीर होऊन राह्यला."

मी दार नुसतं ढकललं. ते लागलं. सीट रिकामी होती, मी हात फिरवून बघितला...

मी मागे बसलो. रस्त्याला खड्डे होते, पण ते दार कुठे खडखडलं नाही. बाबा हळू चालवत होते, मध्येच डावीकडे बघून काहीतरी पुटपुटत होते. वाऱ्यामुळे मला शब्द कळले नाहीत. मला भीती वाटायला हवी होती. तशी नाही वाटली, फक्त रडू येत होतं.

आईच्या गावात, मारुतीच्या पाराजवळ, बाबांनी गाडी थांबवली. काठी टेकत वळसा घालून गेले आणि डावं दार उघडून धरलं. बराच वेळ धरून उभे होते. मग तिथंच, आईच्या जाण्यानंतर पहिल्यांदा, ते हमसून हमसून रडले. मी त्यांना धरून परत सीटवर बसवलं.

दार लावायला गेलो तर कडी परत बोटभर वर.

"बांध दोरीनं," बाबा म्हणाले. "उतरली ते."

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबा गेले. शांतपणे गेले, एवढंच माझं समाधान.

वेल्डिंगच्या उष्णतेनं लोखंड ओढलं असेल, त्या सकाळी थंडीनं आक्रसलं असेल — माझ्या डोक्यात येणारी सगळी कारणं मी तपासली. एकही बसत नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा, चिडणार नाही.

एक मात्र बायकोलाही सांगितलेलं नाही. बाबांच्या तेराव्यानंतर वर्कशॉप बंद असताना मी एकटा गाडीत स्टिअरिंगवर बसलो. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून म्हणालो, "आई, बस." मग हात लांब करून दार ओढलं. लागलं नाही. पुन्हा म्हणालो, पुन्हा ओढलं. मग उजवीकडून उतरलो आणि बाबांसाठी स्टिअरिंगची जागा मोकळी करून, बराच वेळ मागच्या सीटवर बसून राहिलो.