पूजेत न आलेलं मीटर

मरोद्यात राहणारे केवलराम पटले चौतीस वर्षं स्टील प्लांटमध्ये गॅस तपासत होते. बंद टाकीत कुणी उतरायचं म्हटलं की आधी त्यांचं मीटर आत जायचं. आकडा वाईट आला की केवलराम साहेबालासुद्धा माघारी धाडायचे. लोक त्यांना पाठीमागे 'अडंगा' म्हणत. रोज पोथी वाचणारा हा माणूस विश्वकर्मा पूजेला पहिलं कुंकू मीटरलाच लावायचा.

निवृत्तीनंतर यंदा बाबारावनं त्यांना हथखोजच्या आपल्या कारखान्यात पूजेला बोलावलं. बाबाराव त्यांच्याच मूळ गावचा, गोंदियाकडचा. वीस दिवसांपूर्वी त्याच्या तेलाच्या टाकीत सफाईला उतरलेला भूपेंद्र गुदमरून मेला होता. आणि आता काय, तर टाकीला बाधा आहे म्हणे! शांतीचा होम सकाळीच आटोपला होता. आरती झाली की त्याच टाकीत वेल्डर सुशीलला उतरवायचं ठरलं होतं. हे ऐकून केवलरामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ते आले, कारण सुशीलला अडवायचं होतं.

चौरंगावर पाने, हातोडे, ग्राइंडर, सगळी अवजारं मांडलेली. केवलरामांनी कुंकवात बुडवलेलं बोट तसंच धरून ठेवलं.

"बाबाराव, गॅसचं मीटर कुठी हाये?"

"ते नाई आपल्याकडे, भाऊ. लहान कारखाना हाये."

"मंग भूपेंद्रले कशाच्या भरोशावर उतरवलं तुनं?"

"देवाची मर्जी, भाऊ. त्याची वेळ भरली होती. नाईतर टाकीतच काहीतरी हाये. म्हणून तर शांती केली."

केवलराम ताडकन उठले. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाचा आवाज छपराच्या पत्र्यावर आदळला.

"टाकीत गॅस हाये! दिसत नाई म्हणून त्याचं भूत होत नाई. मोजता येते त्याले. अन् हा देव कारागिराचा हाये. त्याच्याच कारागिराले तू मारतं अन् वरून त्याच्याच मर्जीचं नाव सांगतं? पाप तुह्यं हाये, बाबाराव. देवावर ढकलू नको!"

 मग सुशीलनं कमरेचा दोर सोडला. "मीटर आल्याबिगर मी नाई उतरत," तो म्हणाला.

बाबाराव भडकला. "अरे, होम झाल्यावर कायची भीती? मी सांगून राहिलो ना, टाकी शुद्ध हाये आता!"

भूपेंद्रची आई, मैनाबाई, तोंडाला पदर लावून मागे बसली होती. प्रसादाला ये, म्हणून निर्लज्जासारखं तिलाही बोलावलं होतं. ती उठली, टाकीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी झाकण बाजूला सारलं.

"शुद्ध हाये ना, शेठ? मंग तुमी उतरा आधी."

बाबारावनं त्या अंधाऱ्या तोंडाकडे पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

"म्हंजे तुमाले मालूम होतं," मैनाबाई म्हणाली.