दोन चिमट्यांची भाकरी

मला भाकरी येत नव्हती. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा या एका गोष्टीपायी माझी पाचावर धारण बसायची. मी पुण्याच्या पेठेतली. माहेरी सकाळी पोळी आणि रात्री भात. भाकरी कधी झालीच तर ती आई करायची, माझं काम खायचं. आणि लग्न होऊन पडले चाकणजवळच्या निघोजे गावातल्या घरात, जिथं पोळी सणालाच व्हायची. आमचे हे पिंपरीत नव्या कंपनीत लागले होते, म्हणून तिथंच पिंपरी गावात दीड खोली भाड्यानं घेतली होती.

कंपनीत लागलेल्या बहुतेकांच्या बायका तेव्हा गावीच असत. मला पाठवलं ते आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एका बोलीवर. तीन महिन्यांत भाकरी आली तर ठीक, नाहीतर मी येऊन सुनेला घेऊन जाईन. पोरगा शिफ्टमध्ये राबणार आणि घरी येऊन कच्चं-करपलं खाणार, हे त्यांना चालणार नव्हतं. त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. पण मला जायचं नव्हतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि मला माझा नवरा आवडत होता. त्या काळी बायका असं बोलत नसत, मी आता बोलते.

पहिला आठवडा झटले. भाकरी उचलली की अर्धी हातात यायची, अर्धी परातीत राहायची. ह्यांनी चार दिवस मुकाट खाल्लं आणि पाचव्या दिवशी स्वतःच म्हणाले, की आपण पीठ मावशींकडे देऊ.

मावशींची खानावळ आमच्या जन्माआधीची. रेल्वेचे गँगवाले, गाडीवान, मग कंपनीतले सडेफटिंग, सगळे तिथं जेवून गेलेले. बसून जेवणारे वेगळे आणि घरी नेणारे वेगळे. घरी नेणाऱ्यांनी आपलं पीठ सकाळी द्यायचं, कालवणाला डबा द्यायचा आणि भाकऱ्या फडक्यात बांधून न्यायच्या. हे सायकलवरून पीठ टाकून यायचे आणि येताना गाठोडं आणायचे. काय त्या भाकऱ्या! पापुद्रा असा सुटायचा की मला स्वतःची लाज वाटायची. पण लाज जेवणाआधी वाटायची, जेवल्यावर नाही. तीन महिने असेच गेले. शिकायचं उद्यावर टाकत गेले, आणि गावी ह्यांनी निरोप धाडला की सूनबाईला छान येते आता भाकरी. हा शहाणपणा त्यांचा. मी हो ला हो केलं, एवढा माझा.

मग आत्याबाईंचा निरोप आला, शनिवारी येते.

त्या शनिवारी ह्यांची दुपारची शिफ्ट होती. सकाळी उठून हे मावशींकडे गेले. चाकणहून येणारी एस.टी. दहापर्यंत यायची. मी चूल पेटवून तवा तापत ठेवला, परातीत पीठ भुरभुरलं, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं माखले आणि दाराशी येऊन उभी राहिले. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले, ह्यांचा पत्ता नाही. आत्याबाई आधी आल्या तर काय दाखवू? रिकामा तवा? एकदा वाटलं, सरळ सांगून टाकावं. तेवढ्यात हे मागच्या दारानं घामाघूम आत शिरले. मावशींकडे गर्दी होती म्हणे. मी भाकऱ्या बुट्टीत रचल्या, फडकं सरपणामागं कोंबलं, आणि आत्याबाईंनी पुढच्या दारात हाक मारली.

माय-लेक जेवायला बसले. मी वाढत होते. आत्याबाईंनी भाकरी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. त्यांनी दुसरी मागितली, मग तिसरी. तिन्ही ताटात शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकेकीच्या कडेवर बोट ठेवलं. प्रत्येक भाकरीच्या कडेला दोन चिमट्या काढलेल्या होत्या, जवळजवळ.

"ही खूण कुनाची?"

मी तीन महिने रोज त्या भाकऱ्या खाल्ल्या होत्या आणि माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. मला वाटायचं, भाकरीची कड अशीच असते. मी म्हटलं, माझ्या हाताची सवयच आहे तशी. त्यांनी शांतपणे सांगितलं, की गावात लग्नकार्याला दहा घरचं पीठ एका तव्यावर येतं, तेव्हा ज्याची त्याला कळावी म्हणून बायका अशी खूण घालतात. एकट्या घरात भाकरीला खूण कशाला लागते?

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लेकाकडे तोंड केलं.

"तुला ठाव व्हतं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. पीठ ह्यांनी नेलं होतं, भाकऱ्या ह्यांनी आणल्या होत्या, निरोपही ह्यांनीच धाडला होता. एवढंच म्हणायचं होतं, की हो, आम्ही दोघांनी केलं. कालवणात भाकरी कुस्करत हे म्हणाले, "न्हाई."

त्यांच्या आईसमोर त्यांना खोटं पाडणं मला जमलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, भाकरी येत न्हाई हा काय गुन्हा न्हाई, फसवलंस ते वाईट. दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक एस.टी.च्या टपावर चढली. हे फाट्यापर्यंत पोचवायला आले आणि सारखे म्हणत होते, थोडेच दिवस. मी खिडकीतून दुसरीकडे बघत राहिले. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

गावी आत्याबाईंनी मला एकदाही टोमणा मारला नाही. रोज पहाटे शेजारी बसवायच्या. पाणी किती गरम, पीठ किती मळायचं, तळवा कुठं दाबायचा, सगळं हात धरून दाखवलं. दीड महिन्यानं एका सकाळी माझी भाकरी तव्यावर टम्म फुगली. त्यांनी ती मोडून खाल्ली आणि म्हणाल्या, आता आली तुला, सोमवारच्या गाडीनं जा त्याच्याकडं.

ज्या दिवसाची मी वाट बघत होते तो हा. आणि माझ्या तोंडून निघालं, "आत्याबाई, आणखी थोडे दिवस राहते इथंच."

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं.

"त्याला ठाव व्हतं, व्हय ना?"

मी मान खाली घालून पीठ मळत राहिले. मग त्या चुलीतलं लाकूड आत सारून म्हणाल्या, "ऱ्हा. त्याला येऊ दे न्यायला."