खाच पडलेला दात

आज फोनवर टकटक ऐकू आली नाही, आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

माझा दीर रोज जेवण झालं की फोन करतो. पाच तासांच्या अंतरावर एका नव्या इमारतीचं वायरिंग चाललं आहे, तिथे तो दोन महिन्यांपासून राहतो आहे. बोलता बोलता तो टेस्टरच्या मुठीने स्वतःचे दात ठोकत असतो. मागून पुढे, एकेक करून. दुखणारा दात सापडतो का ते बघतो. ती टकटक माझ्या डोक्यात इतकी बसली आहे की मुलीने अभ्यास करताना टेबलावर पेन्सिल आपटली तरी माझी नजर फोनकडे जाते. आज ती नव्हती. आणि बोलणं असं, की तोंडात कढत घास धरला आहे.

"वहिनी, दुखायचं थांबलं," तो म्हणाला. "सकाळपासून ठणका नाही. सुटलो बघ."

"मग असा का बोलतोयस?"

"थोडी सूज आहे. जबड्याच्या खाली. उतरेल."

"तोंड उघडतं का नीट?"

"चमचा जातो आडवा करून. तू झोप आता. आणि ठेकेदाराकडे काही बोलू नकोस हं, तुझ्याकडे त्याचा नंबर आहे म्हणून सांगतो. आजारी माणूस त्याला चालत नाही. घरी पाठवेल आणि दुसरा आणेल. पहिल्यांदा अख्खी इमारत माझ्या हाताखाली आहे, वहिनी. शपथ आहे तुला."

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "ठणका थांबला म्हणतोय ना? तुला दुखलं तरी काळजी, नाही दुखलं तरी काळजी." आणि कूस बदलून झोपला. त्याचा सख्खा भाऊ आहे, माझ्यापेक्षा त्याला जास्त माया आहे, पण त्याला एक गोष्ट ठाऊक नाही. ती मी कुणालाच सांगितलेली नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा दीर अकरा वर्षांचा होता. सासूबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. लग्नाच्या चौथ्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि मूठ पुढे केली. मुठीत दुधाची दाढ होती, रक्ताचा ठिपका असलेली. "ही टाकायची की ठेवायची?" त्याने विचारलं. आईला विचारायचा प्रश्न मला विचारला होता. मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी "ठेवू या" म्हटलं आणि एका काडेपेटीत ठेवली. मला मुलगी झाली त्याच्या सात वर्षांनी. पण आई व्हायला मी त्या दिवशीच सुरुवात केली होती.

शाळेत त्याचा जीव रमला नाही. मी बी.एस्सी. झालेली, रोज संध्याकाळी त्याला घेऊन बसायचे. त्याला समीकरण सुटायचं नाही, पण पंखा बंद पडला की कॉलेजात शिकलेली मी बघत बसायचे आणि तो स्टुलावर चढायचा. सोळाव्या वर्षी वायरमनच्या हाताखाली लागला. पुढे आमच्या वस्तीतल्या निम्म्या घरांचं वायरिंग त्याने केलं. वायर सोलायला तो कधी पक्कड घ्यायचा नाही. वायरचं टोक डाव्या बाजूच्या वरच्या दातात धरायचा, मान झटक्यात फिरवायचा, आणि वरचं प्लास्टिक थुंकून टाकायचा. तांब्याची एक तार तुटायची नाही. लोक त्याला पक्कडच म्हणायला लागले. "पक्कड आहे का घरात?" असं कुणी दारातून विचारलं की मी म्हणायचे, "अवजार हवंय की माणूस?" वीस वर्षांत त्या दाताला खाच पडली, सुईच्या नेढ्याएवढी. तो ती खाच कौतुकाने दाखवायचा.

दुखणं सुरू झालं गेल्या वर्षी. डाव्या बाजूला, वर की खाली ते त्याला नक्की सांगता यायचं नाही. कानातही कळ जायची, कपाळापर्यंत चढायची. एका दवाखान्यात त्याने नुसती चौकशी केली. एक्स-रे, रूट कॅनाल, वर टोपी. आला तो हसतच.

"वहिनी, एका दाताचे जेवढे सांगतात तेवढ्यात मी एक घर नवीन करून देतो. मीटरपासून बेलपर्यंत."

"मग दे ना स्वतःच्या तोंडाचं घर करून."

"तोंडाला बिल कोण देणार?"

मी माझ्या बांगड्यांचा विषय काढला, तर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग आमचे घरगुती उपाय सुरू झाले. लवंगेचं तेल कापसावर. मिठाचं कोमट पाणी. आणि गोळ्या. गोळ्या मीच आणायचे, औषधाच्या दुकानातून, पाकिटावरचं सगळं वाचून. गोळी घेतली की तो चार तास माणसात असायचा. कामावर जायचा. परत यायचा तेव्हा गाल हातात धरलेला असायचा, आणि भिंतीपलीकडच्या त्याच्या खोलीतून टकटक सुरू व्हायची. टक, टक, टक, थांबली की समजायचं, एखाद्या दातावर कळ आली. मग पुन्हा पहिल्यापासून.

चार महिन्यांपूर्वी जवळच्या शाळेत दातांचं मोफत शिबिर झालं. माणशी एक दात काढून मिळणार होता. रांग पार फाटकाबाहेर गेली होती. मी त्याच्याबरोबर गेले होते, खुर्चीपासून दोन हातांवर उभी होते. डॉक्टर तरुण होते, घामाघूम झालेले. त्यांनी आरशाची काडी तोंडात घालून विचारलं, "नक्की कुठला?"

दिराने डावीकडच्या वरच्या दातावर बोट ठेवलं. खाच पडलेल्या.

"बाकी मागेही एक खराब दिसतोय, खालची दाढ," डॉक्टर म्हणाले. "एक्स-रे असता तर बरं झालं असतं. इथे सोय नाही."

"हाच आहे, डॉक्टर. सगळा लोड याच दातावर असतो माझा. वीस वर्षं. जिथे लोड, तिथे फॉल्ट. एवढं मला कळतं."

इतक्या ठामपणे बोलला की डॉक्टरही हसले. खाच दिसतच होती, दात झिजलेलाही होता. मागून कुणीतरी "आटपा" म्हणालं. मला काहीतरी बोलायचं होतं. स्वयंपाकघरातला दिवा लागत नाही म्हणून तक्रार आली आणि बिघाड अंगणातल्या पेटीत निघाला, असे किती किस्से त्यानेच मला सांगितले होते. पण तो माझ्याकडे बघून भुवया उडवत होता, लहानपणी इंजेक्शन घेताना उडवायचा तशा. मी होकाराची मान हलवली.

घरी आल्यावर त्याने कापसात गुंडाळलेला दात माझ्या हातात दिला. "ही टाकायची की ठेवायची, असं विचारलं होतं मी. आठवतं?" गालात बोळा होता, तरी हसत होता. तो झोपल्यावर मी नळाखाली दात धुतला आणि खिडकीशी नेऊन बघितला. खाच होती. बाकी दात धडधाकट होता. कुठे काळा ठिपका नाही, कीड नाही, मुळं स्वच्छ, हस्तिदंती. सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. तसा दात दुखत नाही. दुखत होती ती खालची दाढ, आणि ती तिथेच होती.

मी मूठ मिटली. दात काडेपेटीत ठेवला, त्या दुधाच्या दाढेशेजारी, आणि काडेपेटी कपाटात आत सारली.

का बोलले नाही, ते आता शोधत बसते. तो खूश होता. चार दिवस ठणका थांबला होता, शिबिरात दिलेल्या औषधांनी थांबला असेल. चांगला दात गेला हे सांगून काय मिळणार होतं? त्याचा अभिमान दुखावला असता. असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे माझी मान हलली होती, ती मला कुणाला दाखवायची नव्हती.

पाचव्या दिवशी भिंतीपलीकडे टकटक सुरू झाली.

"वहिनी, गंमत बघ," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. "जो दात नाहीच, तो दुखतोय. मेन स्विच काढून टाकला आणि दिवा चालूच." हसला, पण डोळे हसत नव्हते. तो रिकाम्या हिरडीवर बोट ठेवून बसायचा. आपल्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय असं त्याला वाटायला लागलं होतं. दोनदा मी बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्याच्या हातात गोळीच दिली. इमारतीच्या कामाला निघाला तेव्हा त्याच्या पिशवीत कपड्यांखाली मी गोळ्यांची अकरा पाकिटं भरली. अजून कुणी इतक्या प्रेमाने कुणाचं दुखणं झाकलं नसेल. गोळ्यांनी ठणका दबायचा, आणि खाली दाढ आपलं काम करत राहायची.

त्याचा फोन ठेवल्यापासून मी मोबाइलवर वाचते आहे. जबड्याखाली सूज. तोंड न उघडणं. ठणका अचानक थांबणं, म्हणजे आतला पू वाट काढून दुसरीकडे उतरला असणं. जडावलेला आवाज. गिळता न येणं, आणि मग श्वास. प्रत्येक ठिकाणी शेवटी एकच वाक्य आहे, ताबडतोब रुग्णालयात न्या. कुठेही सकाळपर्यंत थांबा असं लिहिलेलं नाही.

मघाशी पुन्हा फोन लावला. त्याने उचलला, पण बोलला नाही. फक्त श्वास ऐकू येत होता, ओला आणि आवाज करणारा, पाणी अडकलेल्या नळासारखा. "अरे, बोल," मी म्हटलं. त्याला बहुतेक "वहिनी" म्हणायचं होतं. नुसतं "व" आलं आणि लाळ गिळण्याचा प्रयत्न ऐकू आला. मी ऐकत राहिले, एकदा तरी टक होतंय का म्हणून. नाही झालं. फोन बंद झाला.

कपाटातून काडेपेटी काढून समोर ठेवली आहे. उघडायची गरज नाही. दोन्ही दात मला पाठ आहेत.

ठेकेदार त्याच इमारतीच्या तळमजल्यावर झोपतो. त्याच्याकडे जीप आहे, आणि मोठं रुग्णालय तिथून वीस मिनिटांवर आहे, हे दिरानेच मला सांगितलं होतं. फोन केला तर काम जाईल. वीस वर्षांनी मिळालेली पहिली इमारत जाईल. शपथ मोडली म्हणून तो माझ्याशी दोन दिवस नाही, दोन वर्षं बोलणार नाही. बोलायला शिल्लक राहिला तर मला तेही चालेल.

ठेकेदाराला काय सांगायचं ते ठरवलं आहे. आधी गाडी काढा म्हणायचं. मग डॉक्टरांना सांगायला सांगायचं, की खालची डावी दाढ बघा, काढलेला दात चांगला होता, हे त्याच्या वहिनीला चार महिन्यांपासून माहीत आहे.

नंबर समोर आहे. लावते.